मावशीचे स्वयंपाकघर आणि बऱ्हाणपूरचे पाणी

माझी मावशी बऱ्हाणपूरला राहते असे सांगितले की आपल्याकडे बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे कुठे आले?" मग मी सांगतो, की वास्कोहून सुटणाऱ्या आपल्या गोवा एक्सप्रेसने भुसावळला उतरायचे, तिथून खांडव्याच्या वाटेवर तासाभरात तापीकाठचे हे गाव लागते. राज्य मध्य प्रदेश, पण रावेर मागे पडले की आलेच. ज्यांना इतिहासाची गोडी आहे त्यांना एवढे सांगायची गरज पडत नाही. शहाजहानची मुमताजमहल १६३१ साली वारली ती इथेच. ताजमहाल बांधायचे ठरण्यापूर्वी तिला आधी पुरले ते तापीपलीकडच्या जैनाबादेत. मराठी बखरी-कागदपत्रे चाळणाऱ्याला संभाजीराजांच्या काळातली १६८१ ची स्वारी आठवते. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली हे शहर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि १८६१ मध्ये इंग्रजांकडे. सरकारी पाट्यांवर 'बुरहानपूर' असते, पण जुन्या मराठी कागदांत आणि मावशीच्या तोंडी ते बऱ्हाणपूरच.

मात्र आज मी लिहिणार आहे ते मुमताजबद्दल नाही की स्वारीबद्दलही नाही. आज लिहिणार आहे एका स्वयंपाकघराबद्दल.

मावशी १९६८ साली फोंड्याकडच्या आमच्या गावातून लग्न होऊन तिकडे गेली. आता पंचाहत्तरी उलटली आहे आणि गुडघ्यांनी संप पुकारला आहे. स्वयंपाकघर नव्याने करायचे असे घरात ठरले, पण कसे करायचे यावर एकमत होईना. थोरल्याचे म्हणणे, स्वयंपाकघर मागून उचलून पुढे माजघरात आणू, म्हणजे आईला चौक ओलांडायला नको. धाकट्याने मोबाईलवर चकचकीत 'मॉड्युलर किचन'ची चित्रे जमवली होती. त्याला भिंत पाडून सगळे मोकळे करायचे होते. दोघांनी मला फोन केला, "दादा, तू जुन्या घरांवर लिहितोस ना, मग ये आणि सांग." लिहिणे वेगळे आणि सांगणे वेगळे, हे त्यांना कोण समजावणार? पण मावशीला पाहूनही बरीच वर्षे झाली होती, म्हणून गेलो.

घर तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब. रस्त्याला लागून ओटा, मग बैठक, मग माजघर, मग उघडा चौक, चौकापलीकडे स्वयंपाकघर आणि शेवटी परस. आपल्या राजांगणाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे परके वाटत नाही. फरक एवढाच, की आपले राजांगण ऐसपैस चौकोनी असते आणि चहूबाजूंनी वसरी फिरते. इथे दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे उजेड आणि वारा यायचा तो वरून, चौकातूनच.

हे घर खणांचे आहे. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात हे आपल्याला ठाऊक असते, पण ते किती महत्त्वाचे आहे हे तोडफोड करायला निघाल्याशिवाय कळत नाही. पेशवाईत घर किती मोठे हे सांगताना चौरस फूट नव्हते, खण होते. सागवानी खांब आणि त्यांवरच्या तुळया घराचा भार घेतात. मधल्या भिंती विटा-मातीच्या भरावाच्या. मावशीचे स्वयंपाकघर दोन खणांचे. त्याला तिसरा खण जोडायचा तर एक खांब काढावा लागतो, आणि माजघरावर जो माळा आहे तो चुलत दिरांच्या वाटणीचा. म्हणजे खांब आमचा, पण त्याने तोललेले घर दुसऱ्याचे! धाकट्याचा मोकळा हॉल इथेच निकालात निघाला.

राहिला थोरल्याचा बेत. तो मात्र वरवर पाहता अगदी शहाणपणाचा होता. तो का जमत नाही हे मला घरात बसून उमगले नाही. त्यासाठी गावाबाहेर जावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ मला कुंडी भंडारा दाखवायला घेऊन गेले. याला खुनी भंडाराही म्हणतात. अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे हिंदी दोहे लिहिणारा रहीम, इथला सुभेदार असताना जहांगीरच्या काळात हे काम झाले. साल १६१५ चे सांगतात. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने जमिनीखालचे पाणी कुठून कुठे जाते याचा शोध घेतला, अशी नोंद आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पावसाचे पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपत जाते. त्याला वाटेतच गाठून भूमिगत बोगद्यात घेतले. बोगद्याच्या माथ्यावर ठराविक अंतराने विहिरीसारखी उभी भोके ठेवली, त्याच या कुंड्या. अशा शंभराहून जास्त कुंड्या एका ओळीत उभ्या आहेत. त्यांतून हवा खेळते, उजेड पडतो आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. पाणी पुढे जाली करंज नावाच्या हौदात जमते आणि तिथून नळांनी शहरात जात असे. असे एकूण आठ भंडारे होते. ही मूळ इराणची कनात पद्धत. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर याच जातीची, आणि बिदरलाही असे काम आहे.

या सगळ्यात कुठेही मोट नाही, रहाट नाही, पंप तर त्या काळी नव्हताच. आहे तो फक्त ढाळ. बोगद्याचा तळ इतका बेताने उतरता ठेवला आहे की पाणी थांबत नाही आणि धावतही नाही. एका कुंडीच्या काठावरून मी वाकून पाहिले. खाली चुन्याचे थर चढून पांढऱ्या झालेल्या भिंती आणि त्यांमधून चाललेले पाणी. तो चुनाच आता भंडाऱ्याचा शत्रू झाला आहे. थर साचून वाट अरुंद होते, आणि वरच्या अंगाला बोअरवेली वाढल्याने मुळातले पाणीही कमी झाले आहे. २०२४ च्या मार्चमध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत याचे नाव गेले आहे. त्याने काही बरे घडेल अशी आशा करायची.

याच १६१५ साली इंग्रजांचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरात आला होता, शाहजादा परवीझला भेटायला. शाहजादा, खानखानान आणि मोजके बडे लोक यांची घरे सोडली तर बाकीचे शहर मातीच्या झोपड्यांचे, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याला शहर काही आवडले नाही. पण त्या मातीच्या शहराच्या पायाखालून वाहत्या पाण्याची सोय होत होती, ती रो साहेबाच्या नजरेस पडली नसावी. वर दिसणारे आणि खाली चाललेले यांत हा फरक असतोच.

परत आलो तेव्हा गवंडी चौकात उकिडवा बसून काम करत होता. त्याच्या हातात पाणी भरलेली पारदर्शक नळी होती. नळीचे एक टोक माजघराच्या जोत्याला, दुसरे चौकातल्या मोरीला. दोन्हीकडचे पाणी एका पातळीत आले की खूण करायची आणि खुणेपासून फरशीपर्यंतचे अंतर मोजायचे. लेसरची यंत्रे आली तरी आपल्याकडचे जुने गवंडी अजून हीच नळी वापरतात. त्याने मोजून सांगितले, "भैया, सारा ढाल पीछे को है. आगे का पानी उल्टा नहीं जाएगा."

माजघराची फरशी आणि रस्त्याकडची बाजू पातळीत जवळजवळ सारखीच. सांडपाणी पुढे काढायचे तर गटार घराहून वर येत होते. मागे न्यायचे तर नळ माजघराखालून, चौकाखालून, दोन खांबांच्या दगडी पायांना वळसा घालून न्यावा लागणार, आणि एवढ्या लांबीला पुरेसा उतार उरत नव्हता. कोण जाणे कुठल्या पिढीत हे घर बांधणाऱ्याने आधी पाणी कुठे जाईल ते ठरवले होते आणि मग त्याच्या काठावर स्वयंपाकघर ठेवले होते. शिवाय घराचा तेवढाच भाग असा, की ज्याच्यावर माळा नाही. वर नुसते मातीचे धाबे आणि त्यात धुराडे. धूर वर जाणार, सांडपाणी मागे जाणार, आणि चौकातून उजेड येणार. या तीन गोष्टी एकत्र फक्त त्या दोन खणांतच जुळत होत्या.

इथे मला आमच्याच घराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण थोरल्याला मी जे सांगितले ते पुस्तकातले नव्हते.

१९९४ साली आम्ही गोव्यातल्या घराची रांदची कूड हलवली. ती मागे होती, काळोखी, धुराने काळवंडलेली. तिचे एक दार परसात उघडायचे आणि समोर बाव. पुढच्या बाजूला एक खोली रिकामी होती. ओपाचे पाणी नळाने घरात आलेले, मग बावीजवळ राहायचे कारण काय? असा आमचा हिशेब. ओटा घातला, टाईल्स बसवल्या, आईला उभ्याने स्वयंपाक करता येईल म्हणून आम्ही खूश. पहिल्याच पावसात सिंकमधून पाणी उलटे वर आले. नंतर दर पावसाळ्यात येत राहिले. यात गवंड्याचा काही दोष नव्हता. त्याने विचारले होते, आणि आम्ही 'कर' म्हणालो होतो.

पण पाण्याचे काहीच नाही. खरे नुकसान कळायला दोन-तीन वर्षे गेली. मागच्या दाराने शेजारच्या बायका यायच्या. कोण कढीपत्ता मागायला, कोण आमसोले द्यायला, कोण नुसतीच. रगड्याशी बसलेल्या आईशी बोलायच्या आणि जायच्या. पुढच्या दाराने त्या येईनात. पुढचे दार पाहुण्यांचे, तिथून येताना पदर सारखा करावा लागतो, वसरीवर बसलेल्या पुरुषांसमोरून जावे लागते. आई नव्या ओट्याशी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. एकदाही तक्रार केली नाही. आम्हीही विचारले नाही. ती गेल्यावर तिच्या एका मैत्रिणीने मला हे सांगितले. तेव्हापासून 'आईच्या सोयीसाठी' हे शब्द कुणी उच्चारले की मी जरा दचकतो.

स्वयंपाकघरे सुधारण्याच्या इतिहासात हा घोळ बराच जुना आहे. जर्मनीत फ्रँकफर्टला १९२६ साली मार्गारेट शूट-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. बाईचे प्रत्येक पाऊल मोजून सगळे हाताशी ठेवले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली आणि जगभरचे आजचे किचन त्याचेच वंशज. पण त्यांनी स्वतःच पुढे सांगितले, की ते आखेपर्यंत त्यांनी घरचा स्वयंपाक केलेला नव्हता! आपल्याकडचा प्रश्न वेगळा होता. इथे घर आधीपासूनच उभे, भिंती ठरलेल्या, आणि त्रास धुराचा. म्हणून वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल निघाली. हैदराबादच्या एस. पी. राजूंनी बिनधुराच्या चुलीवर १९५३ साली पुस्तिका काढली. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. या सगळ्यांनी घराला हात लावला नाही, चूल तेवढी बदलली. त्यांतल्या पुष्कळ चुली काही महिन्यांत बाजूला पडल्या, कारण नळी साफ कुणी करायची, मोठे भांडे वर बसते का, भाकरी शेकायला निखारा पुढे ओढता येतो का, हे रांधणाऱ्या बाईला आधी विचारलेले नसे. शेवटी घराघरांतला धूर हटवला तो गॅसने. मुंबईत तो १९५५ साली आला. मावशीच्या घरी यायला १९८२ उजाडले. तोवर तिने आधी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, आणि मग वातीच्या स्टोव्हवर रांधले होते.

रात्री जेवणे झाल्यावर मी तिलाच विचारले, तुला काय हवे? मुलांसमोर ती मराठी बोलते, त्यातही निम्मी हिंदी. माझ्याशी बोलताना मात्र कोकणीवर आली. म्हणाली, "पुता, म्हाका कोण विचारता?" आणि हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मग बोलली ती उंबरठ्याबद्दल.

स्वयंपाकघराला चौकाच्या बाजूने जाडजूड, वीतभर उंचीचा लाकडी उंबरठा आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सोवळ्याचा उंबरठा होता. सकाळी न्हाऊन, धूतवस्त्र नेसून आत जायचे, सासूबाई म्हणतील तेव्हा बाहेर यायचे. महिन्याचे चार दिवस चौकालगतच्या काळोख्या खोलीत. त्या दिवसांत उंबरठ्याच्या अलीकडे ताट सरकवले जायचे. भांडी घासायला येणारी बाई चौकातच थांबायची. सासूबाई गेल्या, सोवळे गेले, पण उंबरठा राहिला. पन्नासहून जास्त वर्षे ती त्याला ठेचकाळत आली होती, आणि गेल्या वर्षी त्याच्यावरच पडून मनगट मोडून घेतले होते. मुलांना वाटत होते की आईला चौक ओलांडायचा त्रास होतो. चौकाचा तिला काहीच त्रास नव्हता. चौकात ऊन येते, तिथे बसून तिला भाजी निवडायची असते, कुरडया-पापड वाळत घालायचे असतात.

मला तेव्हा स्वतःचीच थोडी लाज वाटली. दिवसभर मी जुन्या घराच्या शहाणपणाची तारीफ करत होतो. ढाळ, धुराडे, खण! ती सगळी खरीच होती. पण ज्याने ढाळ इतका अचूक राखला त्यानेच ती काळोखी खोलीही राखली होती आणि तो उंबरठाही. जुन्या घरातले सगळेच जपण्यासारखे नसते. कुठले जपायचे हे पाहायला येणाऱ्याने सांगू नये, तिथे ज्याचे आयुष्य गेले त्याला विचारावे.

मग काम सोपे झाले. स्वयंपाकघर होते तिथेच राहिले. ओटा मावशीच्या कोपराला बेताचा, बत्तीस इंच उंचीचा, आणि त्याच्याखाली एका भागात रिकामी जागा, म्हणजे स्टुलावर बसून पोळ्या लाटता येतील. सिंक जुन्या मोरीच्या बरोबर वर, त्याचे पाणी जुन्याच वाटेने मागे. ओट्याचे तोंड भिंतीकडे न ठेवता चौकाकडच्या खिडकीकडे. नळ भिंत कोरून आत बसवले नाहीत. मातीच्या चुनेगच्ची भिंतीला खाच मारली तर ती सैल होते आणि सिमेंट फासले तर ओल आतच कोंडते, म्हणून नळ उघडेच, भिंतीवरून. धुराडे तसेच ठेवून त्यात पंखा बसवला. एक गोष्ट मात्र जुन्या घराला ठाऊक नव्हती. धूर वर जातो, पण गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून परसाच्या भिंतीत फरशीजवळ जाळीचे एक भोक पाडले. काळोख्या खोलीचे दार काढून तिथे फळ्या मारल्या, ती आता धान्याची कोठी झाली आहे. आणि उंबरठा कापला. सुताराने दोनदा विचारले, "माँजी, पक्का ना?" ती म्हणाली, "काट दे."

याच जिल्ह्याला २०२२ च्या जुलैमध्ये देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा म्हणून मान मिळाला. जिल्ह्यातल्या २५४ गावांत घरोघर नळ पोचला. २०१९ साली योजना सुरू झाली तेव्हा शंभरांतल्या जेमतेम सदतीस ग्रामीण घरांत तो होता. एका लाखावर घरांत आता कुणीतरी ठरवत असेल, की नळाची तोटी कुठे बसवायची आणि सांडलेले पाणी कुठे सोडायचे. नळ घरात आणून देणे सरकारला जमते. पुढचा ढाळ ज्याचा त्याने काढायचा असतो.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी मावशीने मांडे केले. खानदेशातले मांडे म्हणजे पालथ्या खापरावर भाजलेली भली मोठी पुरणपोळी. हातांवरच फिरवत मोठी करायची आणि खापरावर टाकायची. ते खापर गॅसवर चालत नाही, त्याला चूल लागते. म्हणून परसात आडोशाला एक चूल राखून ठेवली आहे, ती तिच्या सांगण्यावरून. मुलांना ती नको होती. गुडघ्यांमुळे मावशीला काही तिथे बसवेना. ती खुर्चीवर बसून सांगत होती आणि सून मांडे टाकत होती. पहिले दोन फाटले. तिसरा बरा आला.